गावच्या शेतातली भाजी शाळेच्या ताटात: बचत गट, शेतकरी गट आणि मंडळांसाठी कामाची माहिती

शाळेच्या खिचडीत बटाटा दिसतो, सोयाबीन वडी दिसते, आणि शाळेच्या कुंपणापलीकडे शेतात भेंडी जून होऊन सुकत असते. ही दोन टोकं जोडायची इच्छा बहुतेक गावांत असते. अडतं ते उत्पादनावर नाही, रोजच्या चार किलोंच्या वाहतुकीवर आणि बिलावर. म्हणून या लेखात शेतीपेक्षा हिशेब आणि वेळा यांवर जास्त भर आहे. महिला बचत गट, ग्रामसंघ, शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावातलं एखादं नोंदणीकृत मंडळ, यांपैकी कोणीही हे काम करू शकतं. एकट्या शेतकऱ्याने मात्र त्यात पडू नये. त्याची एक पाळी चुकली की शाळा पुन्हा बाजाराकडे वळते.

१. आधी योजना नीट समजून घ्या

पूर्वीच्या शालेय पोषण आहार योजनेचं नाव २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना झालं. गुरुजी अजूनही ‘शापोआ’च म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, काम लवकर होतं. सरकारी आणि अनुदानित शाळांतली बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते आठवीची मुलं तिच्यात येतात. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. तांदूळ अन्न महामंडळाकडून येतो, त्याचा पैसा शाळेला द्यावा लागत नाही.

एका मुलामागे रोजचं प्रमाण ठरलेलं आहे:

पहिली ते पाचवी: धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजीपाला ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम.
सहावी ते आठवी: धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजीपाला ७५ ग्रॅम, तेल ७.५ ग्रॅम.

धान्याव्यतिरिक्तच्या साहित्याला १ मे २०२५ पासून बालवाटिका आणि प्राथमिकसाठी दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा दर लागू झाला. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यातच डाळ, तेल, मसाला, मीठ, भाजी आणि इंधन सगळं बसवायचं असतं. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला हा धान्यादी माल बहुतेक ठिकाणी नेमलेल्या पुरवठादाराकडून वस्तूरूपात येतो आणि शाळेच्या हातात फक्त ‘इंधन व भाजीपाला’ यांचा हिस्सा पडतो. त्या हिश्शाचा चालू दर कोणत्या शासन निर्णयात आहे ते मुख्याध्यापकांकडून पाहून घ्या, प्रत मागून घ्या. तुमच्या भाजीचा भाव याच्या आतच बसला पाहिजे, आणि त्यातून गॅसही जायचा आहे.

शहरांत गोष्ट वेगळी. तिथे केंद्रीय स्वयंपाकगृहातून शिजलेलं अन्न शाळांना जातं आणि ते काम निविदेने दिलेलं असतं. तिथे शाळेत जाऊन उपयोग नाही. स्वयंपाकगृह चालवणाऱ्या संस्थेला भाजी विकायची असेल तर दिवसाला शेकडो किलोंची तयारी आणि प्रतवारी लागते. ते बचत गटाचं काम नव्हे, शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. पुढचं सगळं गावातल्या, शाळेतच चूल पेटते अशा शाळेसाठी आहे.

२. आकडा काढा, पण हजेरीवरून

पटावर पाचवीपर्यंत ८० आणि सहावी ते आठवीत ४० मुलं असली म्हणून भाजी १२० मुलांची द्यायची नसते. समजा रोज सरासरी ७० आणि ३६ मुलं जेवतात. ७० गुणिले ५० ग्रॅम म्हणजे साडेतीन किलो, ३६ गुणिले ७५ ग्रॅम म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम. एकूण ६ किलो २०० ग्रॅम. यातच कांदा, टोमॅटो, बटाटाही मोजला जातो. ते दोन किलो धरले तर मुख्य भाजी उरते चार किलोंच्या आसपास.

हे चार किलो निवडलेल्या, चिरायला तयार भाजीचे आहेत. शेतातून किती तोडायची हे भाजीवर ठरतं. मेथी निवडल्यावर जेमतेम निम्मी उरते, तेव्हा आठ-नऊ किलो लागेल. लाल भोपळ्याचं साल, बिया आणि आतला गर काढून पाचवा भाग जातो, साडेपाच किलो पुरे. भेंडीत घट कमी, साडेचार ते पाच किलोंत काम होतं. पहिल्या महिन्यात हमखास होणारी चूक हीच: गट मेथी चार किलो देतो, ती निवडल्यावर दोन किलो होते, स्वयंपाकी ताई घरून बटाटे आणते आणि शेरा पडतो की ‘गटाची भाजी पुरत नाही’.

हजेरी सारखी राहत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी, गावच्या यात्रेत, विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत, बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला कुटुंबं निघून गेल्यावर ती खाली येते. मागच्या वर्षीची महिनावार हजेरी शाळेकडे असते. त्यावरून वहीत एक पान करा, तुमच्या पेरणीचं वेळापत्रक त्या पानावरून ठरेल.

३. कोणाशी बोलायचं, कोणत्या क्रमाने

पहिली भेट मुख्याध्यापकांची नव्हे, स्वयंपाकी ताईंची घ्या. चूल त्या पेटवतात. मदतनीस किती, भाजी चिरायला कोण, गॅस आहे की चूल, पाणी कुठून येतं, कोणती भाजी मुलं टाकून देतात, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मानधन तुटपुंजं आणि हात दोनच, अशा वेळी तांदुळजाच्या मातीसकट जुड्या आणून टाकल्या तर त्या तुम्हाला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

मग मुख्याध्यापक. त्यांची मोठी भीती असते दोन गोष्टींची: विषबाधा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि लेखापरीक्षणात बिल चालेल का. या दोन्हींची उत्तरं घेऊनच जा (पायरी ५ आणि ७).

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत ठराव मंजूर करून घ्या: कोणत्या गटाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या पद्धतीने ठरलेल्या दराने भाजी घ्यायची. ठराव इतिवृत्तात आला पाहिजे, नुसत्या होकारावर थांबू नका. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, शालेय पोषण आहार अधीक्षकांकडे माहितीसाठी द्या आणि पोच घ्या.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना कळवा, पण मंजुरी मागत बसू नका. तशी गरज नाही आणि मागितली की गावच्या राजकारणात प्रकरण जातं.

४. कागदपत्रं

एका फाइलमध्ये हे ठेवा, दोन प्रतींत:

• गटाचं नोंदणीपत्र किंवा उमेद (बचत गटांसाठीचं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) मधल्या नोंदीचा कागद, कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र
• भाजी पुरवठ्याचा गटाचा ठराव, दोन सह्या करणाऱ्या व्यक्तींच्या नावासह
• गटाचं बँक पासबुक आणि रद्द केलेला धनादेश (वैयक्तिक खातं देऊ नका)
• गटाचं पॅन
• अन्न सुरक्षा नोंदणी
• भाजी पिकवणाऱ्या सदस्यांची यादी आणि त्यांचे सातबारा उतारे
• शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
• दरपत्रक, चलन पुस्तक, बिल बुक

अन्न सुरक्षा नोंदणीबद्दल गोंधळ फार. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न सुरक्षा कायदा लागू नाही. पण गट दहा जणांचा माल गोळा करून, निवडून, पुरवतो तेव्हा तो शेतकरी राहत नाही. अन्न सुरक्षा परवान्यांच्या फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर लहान व्यवसायाची साधी नोंदणी करून घ्या, किरकोळ शुल्कात होते. सोलून, चिरून किंवा वाळवून पावडर करून देणार असाल तर ती हवीच.

बाजार समितीचा अडथळा येईल का, असं बरेच जण विचारतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, त्यामुळे बाजार आवाराबाहेर थेट विक्री करता येते. ताज्या, बिगरब्रँड भाजीवर जीएसटीही नाही. बिलात तो दाखवू नका.

हत्यारं-साधनं थोडीच: वीस किलोंचे चार-पाच प्लॅस्टिक क्रेट, तीस किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा, स्वच्छ गोणपाट, ताडपत्री. काट्याला वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असू द्या. वजनावरून वाद झाला की पहिली नजर तिथेच जाते.

५. औषध आणि भाजी: इथे तडजोड नाही

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते कुठून आलं याचा माग तेलाच्या डब्यापर्यंत गेला. आपल्याकडे औषधाचे रिकामे डबे धुऊन पाण्याला, तेलाला, शेंगदाण्याला वापरायची सवय अजून गेलेली नाही. शाळेला भाजी देणाऱ्या गटात हा पहिला नियम: औषधाचा डबा, पिशवी, खोका भाजीच्या वाहनात आणि भाजीच्या खोलीत शिरणार नाही. क्रेट फक्त शाळेच्या भाजीचेच, त्यांना वेगळा रंग द्या.

दुसरा नियम फवारणी वहीचा. प्रत्येक सदस्याची एक वही: तारीख, औषधाचं नाव, प्रमाण, कोणत्या वाफ्यावर, आणि लेबलवर लिहिलेला प्रतीक्षा काळ. हा काळ म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस. तो औषधागणिक आणि पिकागणिक वेगळा असतो, म्हणून तोंडी सांगितलेला आकडा चालत नाही, लेबल फाडून वहीत चिकटवा. जे औषध त्या भाजीसाठी लेबलवर नाही ते मारलं असेल तर तो माल शाळेला द्यायचाच नाही, कितीही दिवस झाले तरी.

भेंडी, वांगी, कोबी, फ्लॉवर यांवर फवारे जास्त पडतात. नवा गट असेल तर पहिल्या हंगामात वांगी आणि फ्लॉवर सोडूनच द्या. लाल भोपळा, दुधी, शेवगा, मुळा, पालेभाज्या यांना निंबोळी अर्कावर आणि पिवळ्या चिकट सापळ्यांवर बऱ्यापैकी भागतं. या कामात कृषी विज्ञान केंद्राची आणि उमेदच्या कृषी सखींची मदत मागा, ती फुकट असते.

प्रत्येक क्रेटवर सदस्याचा क्रमांक आणि तोडणीची तारीख खडूने लिहा. काही बिघडलं तर एका क्रेटपर्यंत पोचता येतं, अख्ख्या गटावर बोट येत नाही. मुख्याध्यापकांच्या पहिल्या भीतीचं उत्तर हेच आहे.

रानभाज्यांविषयी एक शब्द. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडे टाकळा, कुर्डू, भारंगी यांची जाण घरोघरी असते आणि त्या पौष्टिकही आहेत. पण शंभर मुलांच्या पातेल्यात जाणारी रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या बाईच्या हातूनच निवडून आली पाहिजे. कंद तर शाळेत नकोतच. काही रानकंद उकळून, पाणी बदलून, वाहत्या पाण्यात ठेवल्यावरच खाण्याजोगे होतात आणि शाळेच्या चुलीवर तेवढा वेळ कोणाला नसतो.

६. पेरणी शाळेच्या दिनदर्शिकेवर

बहुतेक योजना इथे कोसळतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे आठवडाभर उशिरा. नेमक्या त्या दिवसांत गावात भाजी नसते. पावसाळी भेंडी, गवार, दोडका जूनच्या पेरणीनंतर जुलै अखेरीस-ऑगस्टमध्ये हाती येतात. म्हणजे सुरुवातीचे सहा आठवडे तुमच्याकडे द्यायला काही नाही, आणि पहिल्याच महिन्यात खाडा पडला की शाळेचा विश्वास बसत नाही.

हा खड्डा लाल भोपळ्याने भरतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला भोपळा एप्रिल-मे महिन्यात तयार होतो आणि नीट ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो. हिशेब करा: आठवड्यातून दोन वेळा साडेपाच किलो, सहा आठवडे, म्हणजे ६६ किलो. तीन-साडेतीन किलोंचं फळ धरलं तर वीस फळं. चौथा भाग सडेल असं गृहीत धरून पंचवीस ते अठ्ठावीस ठेवा. एवढं फळ एका गुंठ्याच्या आत निघतं. साठवताना देठ दोन इंच ठेवून कापा, देठ मोडला की तिथूनच कुज सुरू होते. आठ-दहा दिवस सावलीत वाऱ्यावर साल कडक होऊ द्या. धुऊ नका. गवताच्या थरावर एकेरी रांगेत मांडा, एकमेकांना टेकू देऊ नका आणि दर आठवड्याला फिरवून खालची बाजू पाहा. अंगठ्याने दाबून मऊ लागलेलं फळ त्याच दिवशी बाजूला काढा.

ऑगस्टपासून भेंडी. एक गुंठा भेंडी नीट सांभाळली तर हंगामात शंभर किलोंच्या आसपास देते, आठवड्याला दहा-बारा किलो. एका शाळेच्या दोन दिवसांना एवढी पुरते. फक्त तोडणी एक दिवसाआड झालीच पाहिजे. तिसऱ्या दिवशीची भेंडी जून निघते, बोटाने टोक मोडून बघा, कट्कन तुटली नाही तर ती शाळेला नको.

दिवाळीच्या सुट्टीत वेल आणि झाडं थांबत नाहीत. त्या दिवसांचा माल आठवडी बाजारात कोण नेणार हे आधीच ठरवा. नाहीतर सदस्याचं नुकसान होतं आणि सुट्टीनंतर तो माल द्यायला येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सुखाचे दिवस. मेथी पेरल्यावर पंचवीस-तीस दिवसांत, पालक महिन्याभरात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येतो. पण सगळी मेथी एकदम पेरू नका. तीन बाय दहा फुटांचे वाफे करून दर आठ दिवसांनी दोन वाफे, असं चालू ठेवा. एकदम पेरलेली मेथी एकदम येते, तीच सगळ्या गावाचीही येते, भाव पडतो आणि पुढच्या आठवड्यात हात रिकामे.

मार्चनंतर पाणी कमी. दुधी, गवार आणि शेवगा यांवर गाडी ओढा. एप्रिलच्या शेवटी शाळा संपते, तेव्हा मार्चनंतर शाळेसाठी नवी लावण करायची ती फक्त पुढच्या जूनच्या हिशेबाने.

७. दर आणि बिल

रोज भाव बदलला तर मुख्याध्यापक दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. पूर्ण वर्षाचा एकच भाव ठेवला तर आषाढात गटाला तोटा होतो. चालणारी पद्धत अशी: मागच्या तीन आठवडी बाजारांच्या किरकोळ दराची सरासरी काढायची, त्यातून दहा टक्के कमी करायचे आणि तो दर महिनाभर ठेवायचा. दरपत्रकावर गटाची सही, समितीच्या एका पालक सदस्याची सही. गटाला घाऊक भावापेक्षा जास्त मिळतं, शाळेला बाजारापेक्षा स्वस्त पडतं.

वरच्या उदाहरणात ७० आणि ३६ मुलांचा दिवसाचा एकूण साहित्यखर्च सुमारे ८४० रुपये बसतो. निवडण्यातली घट धरून आठ किलो भाजी ३५ रुपयांनी म्हणजे २८० रुपये. शाळेच्या हातातल्या इंधन-भाजीपाल्याच्या हिश्शातून एवढे रोज निघत नसतील, तर आठवड्यातले सहाही दिवस भरायचा हट्ट सोडा. दोन दिवस तुमची भाजी आणि बाकी दिवस शाळेची नेहमीची सोय, जोडीला परसबाग, हे प्रामाणिक गणित आहे.

आता पैशाचा खरा प्रश्न. अनुदान उशिरा येतं. दोन-तीन महिने रखडणं नेहमीचंच, आणि तोवर अनेक मुख्याध्यापक खिशातून खर्च करतात. भाजी देणाऱ्या सदस्यांना मात्र आठवड्याला पैसे हवे असतात. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी गटाच्या बचतीतून किंवा ग्रामसंघाच्या निधीतून दोन महिन्यांच्या भाजीइतकी रक्कम बाजूला काढा. आठवड्यातून दोन दिवस २८० रुपये म्हणजे महिन्याला साधारण अडीच हजार, दोन महिन्यांचे पाच हजार. एवढं फिरतं भांडवल नसेल तर सुरू करू नका. तिसऱ्या आठवड्यात बंद पडलेली योजना गावात पुन्हा उभी राहत नाही.

चलन रोज, बिल महिन्याला एकच. चलनावर तारीख, भाजी, वजन, दर आणि घेणाऱ्याची सही. स्वयंपाकी ताई सही करत असतील तर शिक्षकांची लघुसहीही घ्या. चलनाचं वजन आणि शाळेच्या दैनंदिन नोंदीतलं वजन महिन्याच्या शेवटी बसून जुळवा. फरक दोन महिन्यांनी सापडला तर कोणालाच आठवत नाही. दर आणि ठराव दोन्ही जोडलेलं बिल लेखापरीक्षणात टिकतं. ‘किरकोळ भाजी खरेदी ३,००० रुपये’ असं एका ओळीचं बिल टिकत नाही. पैसे गटाच्या खात्यावरच घ्या, रोख घेऊ नका, थोडी रक्कम असली तरीही.

८. पोचवण्याची वेळ आणि भाजीची अवस्था

दुपारच्या शाळेत साडेनऊ-दहाला भाजी चिरायला लागते, तेव्हा नऊच्या आत क्रेट शाळेत हवा. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवारची भाजी शुक्रवारी संध्याकाळी. त्यासाठी पालेभाजी ठेवू नका, दुधी किंवा भोपळा द्या.

पालेभाजी पहाटे, दव असताना तोडू नका. ओली पानं क्रेटमध्ये दाबली की नऊ वाजेपर्यंत तळाची काळी पडतात. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडा, मुळं शेतातच कापा, माती झटका, पिवळी पानं काढा आणि ओलसर गोणपाटाखाली सैल ठेवा. निवडणं गटातल्या दोघींनी रात्री बसून करायचं, त्याची मजुरी दरात धरायची. शाळेत ती तीन पाण्यांत धुतली जाते: पहिल्या पाण्याच्या तळाशी माती बसते, म्हणून पाला वरून उचलून काढायचा, पातेलं तिरकं करून पाणी ओतायचं नाही. ओतलं की माती पुन्हा पाल्यावरच येते आणि खिचडी कचकचते. एकदा कचकचली की मुलं महिनाभर हिरवं दिसलं तरी बाजूला सारतात.

वाढण्यापूर्वी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी अन्न चाखायचं असतं आणि तशी नोंद चव रजिस्टरमध्ये होते. गटातल्या एका बाईने आठवड्यातून एकदा त्या वेळी हजर राहावं. मुलांनी ताटात काय टाकलं ते बघायला त्याहून चांगली जागा नाही. शेवग्याचा पाला पहिल्यांदा शंभर मुलांना एक किलोच्या आत, बारीक चिरून, डाळीत. लाल भोपळा फोडी न ठेवता आमटीत शिजवून घोटला तर कोणी ओळखतही नाही. दुधीचं तसं नाही, तो खिचडीत पाणी सोडतो, ताईंना पाणी कमी घालायला आठवणीने सांगा. दुधी द्यायच्या आधी प्रत्येक फळाचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर ते फळ फेका, शिजवून कडवटपणा जात नाही आणि पोट बिघडतं.

९. परसबाग

शाळेच्या आवारातली परसबाग ही पुरवठ्याला जोड आहे, पर्याय नव्हे. अर्धा गुंठा जागेतून रोजची चार किलो भाजी निघत नाही. कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, शेवगा, पपई, आळू आणि दोन-चार वाफे पालेभाजीचे, एवढं निघालं तरी खिचडीला चव येते आणि फोडणीचा खर्च वाचतो.

आधी कुंपण, मग पाणी, मग बी. हा क्रम उलटा केला की जनावरं पहिल्याच महिन्यात बाग साफ करतात. कोकणात आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात वानरांचा त्रास असेल तर फळभाज्यांचा नाद सोडा, हळद, आळू, कढीपत्ता यांना ती सहसा तोंड लावत नाहीत. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी थेट आळू-केळीला सोडा, साबणाचं पाणी वेगळं काढा.

मे महिन्यात बाग मरते. सुट्टी लागण्यापूर्वी हंगामी पिकं काढून घ्या, बारमाही झाडांच्या आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि आठवड्याला दोनदा पाणी घालायची जबाबदारी शाळेशेजारच्या एका घराला लेखी द्या, मोबदल्यात पपई-शेवगा त्यांचा. ‘सगळे मिळून बघू’ असं ठरलं की जूनमध्ये काठ्या उरतात.

१०. स्नेहभोजन आणि अंडी

लोकसहभागातून मुलांना जादा पदार्थ देण्याच्या पद्धतीला इतरत्र तिथी भोजन म्हणतात, महाराष्ट्रात स्नेहभोजन. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्न यानिमित्त देणारे गावात असतात, पण बहुतेक जण जिलेबीवर येतात. तुमच्या मंडळाने एक यादी करून ठेवावी: केळी, पेरू, बोरं, भाजलेले शेंगदाणे, गूळ, अंडी. आणि किती लागतील तो आकडाही समोर लिहा. देणाऱ्याला ‘काय देऊ’ हे सांगणारं कोणी हवं असतं.

जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानंतर अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि अंडी-साखरेचा खर्च लोकसहभागावर आला. गावात देशी किंवा सुधारित कोंबड्या पाळणाऱ्या बाया असतील तर इथे थेट जागा आहे. १२० मुलं म्हणजे दहा डझन. एका घरून एवढी एका दिवशी मिळत नाहीत, चार-पाच घरांची तीन दिवसांची गोळा करावी लागतात. गोळा केल्याची तारीख पेन्सिलने लिहा. शिजवण्यापूर्वी पाण्यात सोडून बघा, तरंगणारं अंडं बाद. न खाणाऱ्या मुलांसाठी त्याच दिवशी केळं हवंच.

लग्नातलं उरलेलं अन्न कोणत्याही कारणाने घेऊ नका. नाही म्हणणं जड जातं, म्हणून तेही समितीच्या ठरावातच लिहून ठेवा.

११. कुठून सुरू करायचं

एक शाळा, दोन दिवस, दोन भाज्या. दिवाळीनंतर सुरू करणं सगळ्यात सोपं, कारण भाजी भरपूर आणि स्वस्त असते, चुका झाल्या तरी झेपतात. जूनमध्ये सुरू करणारे गट भोपळा साठवलेला नसेल तर अडकतात. पुरवठ्याचे लागोपाठ दोन महिने खाडा न होता गेले आणि पहिलं बिल खात्यावर जमा झालं, की मगच तिसरा दिवस किंवा दुसरी शाळा घ्या.

मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी ठरलेलं सगळं जातं. नवे गुरुजी आले की पहिल्याच आठवड्यात फाइल घेऊन भेटा. शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपून नवी समिती बसली असेल तर पुरवठ्याचा ठराव तिच्याकडून पुन्हा करून घ्या. जुन्या समितीच्या ठरावावर काढलेलं बिल परत आल्याचं बहुतेक वेळा मार्चअखेरीस कळतं.